लाल दोऱ्याचं दुपटं

आजीच्या हातच्या दुपट्यात जी ऊब असते ती जगातल्या कुठल्याच कापडात नसते. शिवणबाईने हे सांगितल्यावर दवाखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने दुपट्याचा कोपरा उलटून पाहिला आणि म्हणाला, "असेल. पण हे दवाखान्याचं आहे."

कोपऱ्यात लाल दोऱ्याची फुली होती, फुलीभोवती गोल. दवाखान्याच्या प्रत्येक चादरीवर, अभ्र्यावर, टॉवेलावर ही खूण असते आणि ती घालते शिवणबाई. एकतीस वर्षं कपडाखोलीत बसून तिने दुसरं काही केलेलं नाही. शेवटचा टाका पडला की हात आपसूक लाल रिळाकडे जातो. हात डोक्याला विचारत बसत नाही.

दुपटं तिने दोन महिने जेवणाच्या सुट्टीत शिवलं होतं. वरच्या बाजूला वारलेल्या नवऱ्याचा मऊ पडलेला सदरा, खालून मुलीचा शाळेतला फ्रॉक, मधे जुन्या सुती कपड्यांचे तीन थर आणि सगळीकडून जवळजवळ धावदोरा. सुईत दोरा ओवायला शेजारच्या धोबिणीची मनधरणी करावी लागे. पण नातीने दवाखान्यातून घरी जायचं ते याच दुपट्यात, हे तिने ठरवून टाकलं होतं. मुलीच्या वेळी काही शिवणं झालं नव्हतं. "आई जगाचं शिवते," असं मुलगी पाहुण्यांना हसत हसत सांगायची. पाहुणेही हसायचे.

आता ती मुलगी बाळाला घेऊन फाटकापाशी उभी होती. मागे जावई दोन पिशव्या सांभाळत लांबच्या झाडाकडे एकटक बघत होता.

"अरे, हे माझं आहे. मी शिवलंय."

"चादरीही तुम्हीच शिवता, बाई," पहारेकरी म्हणाला. "खूण दिसली की सख्ख्या भावाचंही ऐकायचं नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत."

हे खरं होतं. मग दुपटं घेऊन ती भांडाराच्या साहेबांकडे गेली. साहेबांनी चष्मा लावून टाके पाहिले आणि काम फार सुबक आहे म्हणाले. त्यानंतर नियम सांगितला: खूण असलेली वस्तू बाहेर जात नाही, आणि वस्तू बाद झाल्याशिवाय खूण निघत नाही. बाद करायला तिघांची समिती लागते. ती पावसाळ्यानंतर बसते आणि बाद झालेल्या कापडाची फरशी पुसायची फडकी करते. तेवढं थांबता येईल का, असंही त्यांनी विचारलं, आणि ते थट्टा करत नव्हते.

मग साहेबांनी चष्मा काढला. "कात्री आहे ना तुमच्या खिशात? उसवा. मी तोवर खिडकीबाहेर बघतो."

साहेब खरंच खिडकीकडे वळले. शिवणबाईने कात्री काढली आणि टोक लाल दोऱ्याखाली घातलं. दोन वर्षांपूर्वी त्याच फाटकावर तिने एका बाईला बाळाभोवतीची चादर सोडायला लावली होती. बाहेर वारा होता. खूण बघा, मग बोला, असं ती त्या बाईला म्हणाली होती. चारचौघांत.

तिने कात्री खिशात ठेवली.

"झालं?" साहेबांनी न वळता विचारलं.

"राहू द्या. बाळांच्या खोलीत पाठवा."

फाटकापाशी येऊन तिने मुलीला काय झालं ते सांगितलं. मुलीने बाळाला आपल्या ओढणीत घट्ट गुंडाळलं. "तुझा हात काही सुधारायचा नाही, आई," ती म्हणाली. रागाने नाही, रागवायला लागते तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती. रिक्षा निघून गेल्यावर शिवणबाई कपडाखोलीत गेली आणि पाच वाजेपर्यंत तिने अभ्रे शिवले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती मुलीकडे गेली. नवीन दुपट्यासाठी कापड बेतून नेलं होतं, आणि लाल रीळ मुद्दाम कपडाखोलीतच ठेवलं होतं. बाळ पंख्याखाली उघडंच झोपलं होतं. खोली वरच्या मजल्यावर, थेट पत्र्याखाली होती. अंगावर काहीही टाकलं की बाळाला घामोळं यायचं.