दार तेवढे हार्लन फॉल्सचे

मित्रांनो, ओहायोतल्या या गावाबाहेर पडक्या शेडमध्ये, विटांवर टेकवलेली, ड्रायव्हरच्या बाजूला दारच नसलेली एक जुनी निळी मोटार तुम्हांला दिसली, तर ती मी. नाव माझे किंगबर्ड. एके काळी मी रस्त्याने गेले की पोरे माना वळवून बघायची. सध्या माझ्या मागच्या सीटवर एक मांजर व्याली आहे. तिची पिल्ले उबेला आहेत, तेवढाच माझा उपयोग.

आम्ही किंगबर्ड मोटारी तीन कारखान्यांत जुळवल्या जायचो. एक कारखाना इथला, हार्लन फॉल्सचा. दुसरा न्यू जर्सीत. तिसरा पार कॅलिफोर्नियात, व्हेराडेल नावाच्या गावी, जर्दाळूच्या बागांना लागून. तिन्हीकडे आराखडा तोच, पत्रा तोच, रंगही तेच. आम्हां बहिणींना शेजारी शेजारी उभे केले, तर कोण कुठली हे आमच्या मालकांनाही सांगता आले नसते. ओळखायची एक खूण मात्र होती. ड्रायव्हरचे दार उघडले की त्याच्या कडेला एक लहानशी धातूची पट्टी दिसायची, तिच्यावर कारखान्याचे अक्षर असायचे. हार्लन फॉल्सचे एच, व्हेराडेलचे व्ही.

मी व्हेराडेलची. जन्मल्या दिवशी मला जर्दाळूचा वास आला होता, तो मी अजून विसरलेले नाही. एका शिक्षिकेने मला विकत घेतले. पुढे लग्न होऊन ती ओहायोत आली आणि पाठवणीत आल्यासारखी मीही तिच्याबरोबर आले. इथे पहिल्याच हिवाळ्यात दुधाची एक गाडी बर्फावरून घसरत आली आणि माझ्या ड्रायव्हरच्या दाराचा पार चेंदामेंदा करून गेली. दुरुस्तीवाल्याने भंगारातून दुसऱ्या एका किंगबर्डचे दार आणून मला बसवले. ती बिचारी झाडावर आदळून संपली होती. ती हार्लन फॉल्सची होती, त्यामुळे तिचे दार आले ते एचची पट्टी मिरवतच आले. रंग जुळला, शिक्षिकाबाई खूश झाल्या. दार जरा कुरकुरत होते, पण मला कोण विचारतो?

काही वर्षांनी बाईंनी मला विकायला काढले, तेव्हा मला बघायला ऑर्व्हिल टॅकेट आला. मूळचा केंटकीच्या डोंगरातला, पोटासाठी इथल्या कारखान्यात आलेला. कारखान्यात त्याचे काम एकच, येणाऱ्या प्रत्येक मोटारीला ड्रायव्हरचे दार बसवायचे. त्याच्याबरोबर त्याची मुलगी नोरीन होती, दोन वेण्यांची, समोरचा दात पडलेली.

त्या गावची एक रीत होती. कुणीही मोटार घ्यायला गेला की आधी दार उघडून पट्टी बघायचा. कागदावरचा लांबलचक आकडा वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. ऑर्व्हिलनेही तेच केले. एच दिसताच त्याचा चेहरा फुलला, बाईंना काही विचारायचेही तो विसरला.

"पोरी, ही आपली आहे," तो म्हणाला. "हे दार तुझ्या बापानं बसवलंय."

"कशावरून, डॅडी?"

"दिवसपाळीला दुसरा होता कोण दार बसवायला?"

दाराबद्दल तो खरेच बोलत होता. बाकीच्या माझ्याबद्दल मला ओरडून सांगावेसे वाटले, पण मोटारीला हॉर्न असतो, वाचा नसते.

घरी नेल्यावर त्याने दार उघडले, मिटले, पुन्हा उघडले. वरच्या बाजूला फट होती. दुसऱ्या मोटारीच्या मापाने बसलेले दार माझ्यावर कसे नीट बसणार? पण ऑर्व्हिलच्या डोक्यात ते येणेच शक्य नव्हते. त्याने सरळ शेजारच्या डिलार्डला हाक मारली. डिलार्ड त्याच कारखान्यात, पण रात्रपाळीला.

"ये, बघ तुमचे पराक्रम! मी बसवलेलं दार तुमच्यापैकी कुणीतरी रात्री परत खोललं आणि वाट लावली."

"तुझ्या दारापेक्षा तुझं तोंड जास्त कुरकुरतं, ऑर्व्हिल," डिलार्ड म्हणाला. "तेल तिथं घाल."

हे भांडण मग सणासुदीलासुद्धा चुकले नाही. दर रविवारी ऑर्व्हिल गुडघ्याने दार उचलून धरायचा, बिजागरीचे बोल्ट आवळायचा आणि रात्रपाळीच्या नावाने खडे फोडायचा. दार कधीच पुरते बसले नाही. पण त्याच्या हातांची मला सवय झाली आणि खरे सांगते, तसे प्रेम मला जन्मगावीही मिळाले नव्हते.

कारखान्याच्या फाटकाजवळ पहिल्या रांगेत फक्त तिथे जुळवलेल्या मोटारी उभ्या राहायच्या. बाकीच्यांनी नाल्यापलीकडे चिखलात उभे राहायचे. मी वर्षानुवर्षे पहिल्या रांगेत उभी राहिले. नोरीन माझ्यातच मोटार चालवायला शिकली, टपालपेटीला धडकली आणि बापाला सांगू नको म्हणून माझ्याच विनवण्या करत बसली. तिची आई आजारी पडली तेव्हा दवाखान्याच्या खेपा मीच केल्या. शेवटच्या खेपेला येताना माझ्यात दोघेच होते. 

मग कारखाना बंद झाला. लोकांनी घरांवर विक्रीच्या पाट्या लावल्या आणि कामाच्या शोधात दाही दिशांना पांगले. ऑर्व्हिल गेला नाही. तो रोज सकाळी डबा घेऊन माझ्यात बसायचा आणि कुलूप लावलेल्या फाटकासमोर मला उभी करायचा. जेवणाची सुट्टी व्हायची त्या वेळेला तो आपले सँडविच खायचा, मग घरी परतायचा. नोरीनने एकदा त्याला तिथे गाठले.

"डॅडी, लोक बघतात."

"बघू दे. मी काय चोरी करतोय? जेवतोय."

"घरी जेवा ना."

"घरी जेवलो की म्हातारा झाल्यासारखं वाटतं गं."

ती दार उघडून आत आली, शेजारच्या सीटवर बसली आणि अर्धे सँडविच मागून घेतले.

तो खरोखरच म्हातारा झाला. अंथरुणाला खिळला तेव्हा त्याने नोरीनकडे एकच गोष्ट मागितली. "ही गाडी गावात राहू दे. मी इथं होतो हे कुणाला तरी कळू दे." नोरीनने त्याला वचन दिले. त्याच्यामागे तिने मला जिवापाड जपले. स्वतःच्या छपराला ठिगळ लावले, पण माझ्या शेडला नवे पत्रे घातले.

काही वर्षांनी गावाने ठरवले की बंद कारखान्यातल्या एका मोठ्या खोलीत गावच्या कामाची आठवण म्हणून एक दालन करायचे. मधोमध हार्लन फॉल्सची एक किंगबर्ड आणि तिच्यासमोर एका कामगाराच्या नावाची पाटी. गावाने मला आणि ऑर्व्हिलचे नाव निवडले, तेव्हा नोरीनला आनंदाने रडू आले. तिने मला धुतले, पुसले. डिलार्ड आता काठी टेकत चालायचा, तोही आला आणि माझ्या टायरांना उगीच लाथा मारून गेला. दालनाच्या समितीतर्फे मोटारी तपासणाऱ्या वेस्टफॉलबाई आल्या. त्यांनी बॉनेट उघडले, आत वाकल्या आणि पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या आतल्या कडेचा रंग हलकेच खरवडला. तिथेही कारखान्याचे अक्षर ठोकलेले असते, ते आजवर कुणी बघितले नव्हते. 

"नोरीन, जरा इकडे येता?"

"का? गंज आहे का? गंजाचं मी बघते."

"गंज नाही. हे अक्षर बघा. व्ही आहे."

"पण पट्टीवर तर एच आहे."

"ती दारावर आहे. दार नंतर बसवलंय. गाडी व्हेराडेलची आहे, कॅलिफोर्नियाची."

"चष्मा पुसा बाई तुमचा," डिलार्ड खेकसला. "इतकी वर्षं ही पहिल्या रांगेत उभी होती."

वेस्टफॉलबाईंनी विजेरी त्याच्या हातात दिली. त्याने वाकून बघितले, बराच वेळ बघितले. मग तो हसायला लागला.

"म्हणजे रात्रपाळीची चूक नव्हतीच! दुसऱ्याच गाडीचं दार ते, बसणार कसं? अरे ऑर्व्हिल, गाढवा..." हसता हसताच तो माझ्या बंपरवर टेकला. "मला शिव्या देत मेला तो. आता हे कुणाला सांगू?"

नोरीनच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. "त्या फाटकासमोर डॅडी रोज हिच्यात बसून जेवायचे," ती म्हणाली. "आणि ही त्या फाटकातून कधी बाहेरच पडली नव्हती. परक्या गाडीला पुसत बसले ते जन्मभर."

परकी. मित्रांनो, दुधाच्या गाडीची धडक मी सोसली होती. हा शब्द मला सोसला नाही.

वेस्टफॉलबाई वाईट नव्हत्या. त्यांनी चाचरत सांगितले की केंटकीत एका गोठ्यात खरी एचची किंगबर्ड सापडली आहे, पण तिचे ड्रायव्हरचे दार गंजून गेले आहे. "तुमचं दार तिला लावता येईल. पाटीवर तुमच्या वडिलांचं नाव घालू. तुम्ही हो म्हणालात तरच."

नोरीन बरेच दिवस माझ्याकडे फिरकली नाही. मी तिला ओळखत होते. एकीकडे बापाला दिलेला शब्द, दुसरीकडे मी. तिने नाही म्हणावे असे मला वाटत होते आणि ऑर्व्हिलचे नाव पुसले जाऊ नये असेही वाटत होते. शेवटी एका सकाळी ती बोल्ट सोडवायचे पाने घेऊन आली, डिलार्ड मागोमाग आला. त्याने ऑर्व्हिलसारखेच गुडघ्याने दार उचलून धरले आणि तिने बोल्ट काढले. दार सुटले तेव्हा ते कुरकुरलेसुद्धा नाही.

नोरीनने माझ्या टपावर हात ठेवला. "माफ कर गं. डॅडींसाठी करतेय."

मला राग आला होता, लपवत नाही. अजूनही येतो. पण तिच्यावर येत नाही.

ते दार तिकडे म्हणे अगदी चपखल बसले, फटीत पत्त्याचे पानही जात नाही. पाटीवर ऑर्व्हिल टॅकेटचे नाव आहे. शाळेची मुले येतात, दाराला हात लावतात. नोरीन दर रविवारी तिथे जायची. ऑर्व्हिलला हवे होते ते मिळाले, याचा मला आनंद आहे. फक्त त्याला घेऊन हिंडले मी, आणि त्याच्या नावाशेजारी उभी आहे ती दुसरीच, जिने त्याला कधी पाहिलेही नाही.

नोरीनही थकली. घर विकून मुलाकडे टेनेसीला निघाली, तेव्हा नव्या मालकाने मला राहू दे म्हटले. नाहीतरी मला उचलून न्यायला भंगारवाला उलट पैसे मागत होता. जायच्या दिवशी ती शेडमध्ये आली आणि माझ्या सीटवर बसली. बसल्याबरोबर सवयीने तिचा डावा हात दार ओढायला बाहेर गेला. हाताला काहीच लागले नाही. तो हात तसाच हवेत राहिला. मग ती स्टिअरिंगवर डोके टेकून लहान मुलीसारखी रडली.

"तू आमचीच होतीस गं," ती म्हणाली. "मला कळायला उशीर झाला."

बाहेर मुलाने हॉर्न वाजवला. ती उतरली आणि मागे न बघता गेली.

तेव्हापासून दोन वादळे झाली. शेडचे पत्रे उडाले, नवे घालायला कुणी नाही. मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिच्यावरचे कारखान्याचे नाव खुशाल वाचा. ती भलत्याच गावची निघाली, तरी तिने तुमच्यासाठी काय काय वाहिले ते एकदा आठवा आणि मगच तिला हात लावा. तिचे दार तेवढे काढून नेऊ नका. आत पाऊस येतो.