खालची ओल

मुलगी जाऊन वर्षही झालं नव्हतं, तोच जावयाने दुसरं लग्न ठरवलं आणि तिच्याच खोलीत लाकडी फ्लोअरिंग घालायला सासऱ्यांना बोलावलं. त्यांचा धंदाच तो. ते नाही म्हणाले असते, पण रांगती नात त्याच खोलीत राहणार होती.

लाद्या उखडून त्यांनी खालचं काँक्रीट मशीनने घासून काढलं. ओल आहे का ते बघायला प्लास्टिकचा तुकडा चारी कडांना चिकटपट्टी लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब जमले होते.

"कुठला तरी पाइप गळतोय," ते म्हणाले. "तो दुरुस्त करून जमीन वाळू द्या. आत्ता लाकूड घातलं तर फुगून वर येईल."

"पण बाबा, रविवारी लग्न होऊन ती घरी येणार. या उकरलेल्या खोलीत आणू तिला?"

"माझी लेक याच ओलीत खोकत राहिली, जावईबापू. तेव्हा नाही तुम्हाला घाई झाली!"

जावयाचं तोंड उतरलं. "आज करू, उद्या करू म्हणत राहिलो," तो खाली बघत पुटपुटला.

हे ऐकलं की जीव थंड होईल, असं सासऱ्यांना इतके दिवस वाटत होतं. तसं काहीच झालं नाही. त्यांनी नातीला कडेवर घेतलं.

"जमीन वाळेपर्यंत ही आमच्याकडे राहील," ते म्हणाले.

लग्न रविवारीच झालं. फ्लोअरिंग मात्र त्यांनी पाइप बदलून, जमीन कोरडी ठणठणीत झाल्यावरच घातलं.