मधल्या घंटेचं कलिंगड

खिळा ठोकला तो मेहुण्याने, आणि तोही बेकरीत, भट्टीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर. झालं होतं काय, आदल्या आठवड्यात जेवताना बेकरीवाला रागाच्या भरात बोलून गेला होता, "या उन्हाळ्यातल्या शेवटच्या शर्यतीतूनही मला बाहेर काढलं, तर सायकल भिंतीला टांगतो आणि पुन्हा हात लावत नाही!" आता रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. पण मेहुणा पडला इलेक्ट्रिशियन, हातोडा कायम पिशवीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटभर लांबीचा खिळा भिंतीत हजर.

"दाजी, तुमची सोय करून ठेवली," म्हणाला.

बाहेर काढणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. उन्हाळ्यात संध्याकाळी बाजारामागचे चार रस्ते गाड्यांना बंद करून तिथे सायकलींची शर्यत लावतात. त्याच चौकोनात गरगर फेऱ्या मारायच्या. पुढच्याने अख्खी फेरी चढवून तुम्हाला मागून गाठलं, की पंच शिट्टी मारतो आणि तुम्ही मुकाट्याने बाजूला व्हायचं. बेकरीवाला बिचारा पहाटेपासून भट्टीपुढे उभा, संध्याकाळी पायांत जोर उरणार कुठून? शर्यत निम्मी व्हायच्या आत त्याला शिट्टी ठरलेली. मग तोंड लपवत थेट बेकरी गाठायची आणि उद्याचं पीठ मळायला घ्यायचं. शर्यतीची घंटा वाजवायची त्याची सख्खी बायको. शाळेत शिकवते ती, तिथली जुनी पितळी घंटा घेऊन यायची. पण नवऱ्याने ती घंटा कधी म्हणून ऐकली नव्हती.

शेवटच्या शर्यतीच्या दिवशी उकाड्याने कहर केला. ऊन कललं तरी डांबर तापलेलंच, वारा म्हणाल तर नावाला नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीतच एकेक जण माना टाकायला लागला. बेकरीवाला मात्र मजेत. भट्टीपुढे आयुष्य काढलेला माणूस तो, त्याला कसला उकाडा! घोळक्याच्या मधोमध पाय मारत होता आणि शिट्टीचा पत्ता नव्हता.

"दाजी, आज बरे आहात ना?" मेहुण्याने शेजारून सायकल मारता मारता विचारलं. तोही शर्यतीत होताच.

"तू पुढे बघ!"

आणि तेवढ्यात घंटा वाजली. ठणठण ठणठण!

बेकरीवाल्याच्या अंगात वारं शिरलं. अरेच्चा, संपतही आली? शेवटची फेरी! मान खाली घातली आणि सुटला गडी. "दाजी, अहो, कुठे निघालात?" मेहुणा मागून ओरडला. पण आता कोण ऐकतंय? चारही वळणं एका दमात घेऊन त्याने सगळ्यांच्या आधी रेघ ओलांडली, दोन्ही हात वर केले, ब्रेक मारला आणि चक्क खाली उतरला. बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं. पंच हसत हसत समोर आला आणि त्याने त्याच्या हातात एक कलिंगड दिलं.

"कप कुठाय?" बेकरीवाल्याने विचारलं.

"कसला कप? हे मधल्या घंटेचं बक्षीस. शर्यत निम्मी झाली की एक घंटा होते, त्या फेरीत पहिला येईल त्याला कलिंगड. अजून निम्मी शर्यत बाकी आहे!"

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, उतरलात काय! बसा आधी सायकलवर!"

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच. घोळका केव्हाच पुढे निघून पार समोरच्या रस्त्याला लागला होता. आता मागून येऊन गाठणार, शिट्टी होणार आणि तो खिळा... बेकरीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. कलिंगड बायकोच्या हातात कोंबून त्याने टांग मारली.

मग मात्र त्याने मागे वळून पाहिलं नाही. पोटऱ्या दुखत होत्या, घाम डोळ्यांत जात होता, पण उकाड्याने बाकीच्यांचे हाल त्याहून वाईट होते. घोळका विसकटला. मेहुणा तेवढा एकटा सुटून पुढे आला आणि प्रत्येक फेरीत थोडा थोडा जवळ येत गेला. शेवटी लांबून घंटा ऐकू आली. ती मेहुण्यासाठी होती, त्याच्या शेवटच्या फेरीची. पहिला आला की मग पंच कुणाला बाहेर काढत नाही; आणखी एवढीच फेरी निभावली तर वाचलो, बेकरीवाल्याच्या ध्यानात आलं. देवा, आज लाज राख रे बाबा!

शेवटच्या सरळ रस्त्याला मेहुण्याच्या चाकाची सळसळ त्याच्या कानामागे आली. पंचाने शिट्टी तोंडात धरली. आणि हातभर अंतराने आधी बेकरीवाल्याने रेघ ओलांडली, मग मेहुण्याने. शर्यत मेहुणाच जिंकला म्हणा. आपण मुद्दाम जोर लावला नाही, असं तो नंतर सांगत सुटला, पण त्यावर कुणाचा विश्वास बसतोय!

शिट्टी वाजलीच नाही. बेकरीवाल्याची एक फेरी उरली होती. बायकोने कलिंगड खाली ठेवलं, दोन्ही हातांनी घंटा उचलली आणि एकट्या नवऱ्यासाठी अशी बडवली, अशी बडवली, की बाजारातली माणसं दुकानं सोडून बाहेर आली.

ती फेरी तो एकटाच फिरला. शर्यत संपवून थांबलेले, आधीच बाहेर काढलेले, सगळे फुटपाथवरून टाळ्या वाजवत होते. खरं सांगायचं तर त्याला रडू आलं, आणि घामामुळे ते कुणाला कळलंही नाही. रेघ जवळ आली, पण या खेपेला गड्याने हँडल सोडलं नाही.

"ही शेवटचीच ना गं?" तो लांबूनच ओरडला.

"शेवटचीच! उतरा आता खुशाल!"

कलिंगड तिथेच फुटपाथवर फोडलं. मेहुण्याने बिया थुंकत विचारलं, "मग दाजी, खिळा उपटू ना उद्या?"

"राहू दे," बेकरीवाला म्हणाला. "एप्रन टांगायला मला जागाच नव्हती."