हिरव्या बटणाचा जाब

विमानतळावरच्या त्या नोटा देणाऱ्या यंत्राला परवानगी तुम्ही दिलीत. ते कुठे ठेवायचं, त्याच्या पडद्यावर काय लिहायचं, कुठली अक्षरं हाताएवढी करायची आणि कुठली मुंगीएवढी, हे सगळं तुमच्या टेबलावरून गेलं. सही तुमची, शिक्का तुमचा. आज सकाळी पावणेअकरा वाजता त्या यंत्राने एका बाईला भर उजेडात, चार कॅमेऱ्यांच्या देखत लुबाडलं आणि वर तिच्या हातात पावती ठेवली. दरोडेखोर निदान पावती तरी देत नाहीत.

बाईला तिच्या कारखान्यात सगळे मास्तरीण म्हणतात. शाळेशी तिचा संबंध सातवीपर्यंतचा. पण पत्र्याला एका ठोक्यात आकार देणाऱ्या प्रेसवर ती सत्तावीस वर्षं उभी आहे आणि तिच्या हाताची दहाच्या दहा बोटं जागेवर आहेत. त्या खात्यात ही पदवीच समजतात. म्हणून नवीन माणूस लागला की त्याला आधी मास्तरणीच्या हवाली करतात.

तिचा पहिल्या दिवसाचा धडा ठरलेला. "हिरवं म्हणजे चालू. लाल म्हणजे सगळं ठप्प. लाल दाबलंस की प्रेस मेली. मग फोरमन किल्ली घेऊन येणार, वही उघडणार, कोणी दाबलं, का दाबलं लिहिणार, आणि तुझा अर्धा तास गेला खड्ड्यात. तेव्हा जिवावर बेतल्याशिवाय लालला शिवायचं नाही. आणि बेतलं तर मला विचारायला यायचं नाही."

हा धडा तिने ज्यांना दिला त्यांत तिचा सख्खा धाकटा भाऊही होता. तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, म्हणून बारक्या. आता चाळिशीला आला, डोक्यावर टक्कल पडलं, तरी बारक्याच. तो काम शिकला आणि जास्त पगाराच्या ओढीने परदेशात गेला, तिथेही प्रेसवरच. तिथल्या प्रेसला दोन बटणं होती, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. दोन्ही हात बटणांवर असले की आत चिरडायला हातच उरत नाही, इतकी साधी गोष्ट. मालकाने डाव्या बटणावर चिकटपट्टी मारून ते कायमचं दाबून ठेवलं. एक हात मोकळा झाला की पत्रे भराभर सरकतात, तासाला चाळीस नग जास्त निघतात. बारक्याचा उजवा हात आत होता. चार बोटं गेली. अंगठा राहिला.

मालक म्हणाला, "पट्टी यानेच लावली. बटण यानेच दाबलं."

भरपाईचा दावा अपघातापासून एका वर्षाच्या आत लावायचा असतो. तिथल्या कामगार कचेरीत, खिडकीवर, तिकडच्या पैशात बाराशेची फी रोख भरून. हात गेलेल्या माणसाने हात गेला हे सांगायला आधी पैसे मोजायचे, हा नियमही तुमच्यापैकीच कुणाच्या तरी डोक्यातून निघालेला. पण ते नंतर पाहू.

बारक्याने ही तारीख बहिणीपासून लपवली. "तुला कशाला ताप," हे त्याचं नेहमीचं. शेवटचा दिवस तीन दिवसांवर आला तेव्हा फोनवर रडला.

"गाढवा," मास्तरीण ओरडली, "वर्षभर काय बोटं मोजत बसला होतास?"

पलीकडून तो म्हणाला, "मोजायला फार वेळ लागत नाही, ताई."

तिने जीभ चावली. मग दोघंही हसली, आणि मग ती नळ सोडून मोरीत रडली.

अपघात झाला तेव्हाच तिने व्हिसा काढून ठेवला होता, बारक्याच येऊ नको येऊ नको करत होता. पैसे पाठवावे म्हटलं तर बँक पाच दिवस मागत होती, विमान सहा तासांत पोचवत होतं. बँकेतला माणूस म्हणाला, "रोकड कशाला बाळगता मावशी? उतरलात की समोरच यंत्र. कार्ड घाला, तिकडच्या नोटा घ्या." तिने त्याच्याकडून त्या दिवसाचा भाव लिहून घेतला आणि कारखान्यातल्या मोजमापाच्या सवयीने तीनदा हिशेब केला. तिच्या कार्डातून दिवसाला जेवढे निघत होते त्यात बाराशे बसत होते. यंत्राचं शुल्क धरूनसुद्धा. वर थोडे उरत होते.

विमान तासभर उशिरा आलं. मुदतीचा हा शेवटचा दिवस, आणि कचेरीची खिडकी साडेबाराला बंद. बाहेर पडायच्या दाराशी ते यंत्र उभं होतं, पिवळंधमक, डोळ्यांत भरेल असं. बँकेच्या यंत्रासारखं वाटावं म्हणून त्याच्या कपाळावर एटीएम असा मोठा शब्द, आणि बँक कुठली ते कुठेच नाही. एका वेळी सहाशेच देत होतं. तिने कार्ड घातलं, सहाशे मागितले.

पडद्यावर इंग्रजीत मजकूर आला. तिला अक्षरं लावून लावून वाचता येत होतं. खात्रीचा दर, असं काहीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. तुमच्याच देशाच्या पैशात कापू, असंही. खाली दोन बटणं. एक हिरवं, ऐसपैस, त्यावर स्वीकारा. दुसरं लाल, कोपऱ्यात, त्यावर नाकारा आणि पुढे बारीक बारीक काहीबाही. मागे रांग. एकाने सुस्कारा सोडला. वर कोपऱ्यात सेकंद उलटे धावत होते, वीस, एकोणीस, अठरा.

तिचा हात लालकडे गेला नाही. जाणारच नव्हता. सत्तावीस वर्षं तो हात एकच गोष्ट शिकला होता, की लाल दाबलं तर सगळं ठप्प. कार्ड आत अडकेल, किल्लीवाला माणूस शोधावा लागेल, वही येईल, आणि साडेबारा वाजतील. तिने हिरवं दाबलं.

नोटा फडफडत आल्या. तिने मोजल्या, पुन्हा सहाशे मागितले. यंत्राने पुन्हा तेच विचारलं, तिने पुन्हा हिरवं. या वेळी नोटा आल्या नाहीत. मर्यादा संपली, असं आलं. कशी संपेल? तिने पाचशे मागितले, ते मिळाले. शंभर मागितले. नाही. पन्नास मागितले. नाही. वीस मागितले. वीसही नाही.

शेजारी नोटा बदलून देणारं दुकान होतं. तिने पर्समधल्या आपल्याकडच्या नोटा पुढे केल्या. आतल्या माणसाने त्या बोटाच्या टोकाने परत सरकवल्या. "या आम्ही घेत नाही." बँकेला फोन लावला तर संगीत वाजत राहिलं. ती बस पकडायला धावली.

बारक्या कचेरीच्या फाटकात उभा होता. उजवा हात पँटच्या खिशात, सवयीने. दाढी वाढलेली. ती त्याला कित्येक वर्षांनी भेटत होती आणि तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "तुझ्याकडे शंभर आहेत?"

"पंचेचाळीस आहेत. का गं? काय झालं?"

तिने पावत्या त्याच्या डाव्या हातात दिल्या. त्याने वाचल्या आणि कपाळाला हात लावला. "ताई, तू यांचा भाव घेतलास? हे आपल्या बँकेचा भाव लागू देत नाहीत, मध्येच स्वतःचा लावतात. शंभरामागे चौदा खाल्लेत बघ यांनी. दोन्ही वेळा. म्हणूनच तुझी दिवसाची मर्यादा आधीच संपली."

"मला विचारलंच कुठे कुणी?"

"विचारलं ना. तू हो म्हणालीस." त्याने पावतीच्या तळाशी बोट ठेवलं. मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: ग्राहकाने हा दर स्वतः निवडला आहे.

बारा वाजून दहा मिनिटं. बसचं भाडं गेलं होतं, त्याचे पंचेचाळीस धरून अकराशे पस्तीस. बारक्याच्या खोलीवरचे सोबती कामावर होते, फोन लॉकरमध्ये बंद. मास्तरणीने आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता. तिने रांगेतल्या लोकांपुढे पसरला. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एका माणसाने वीस दिले, वर म्हणाला, "मीही तुमच्यासारखाच आहे, बाई." बाकीच्यांनी खिसे उलटे करून दाखवले. त्या रांगेत पैसेवाला माणूस कशाला उभा राहील?

पंचेचाळीस कमी.

खिडकीतल्या कारकुनाने नोटा दोनदा मोजल्या. चांगला माणूस होता, चष्मा पुसता पुसता म्हणाला, "मी माझ्या खिशातले टाकू शकत नाही. नोकरी जाईल. वर कॅमेरा आहे."

"अहो, पंचेचाळीससाठी?" बारक्या म्हणाला.

"पाचसाठीही."

मास्तरणीने भावाचा हात खिशातून ओढून काढला आणि खिडकीच्या फळीवर ठेवला. कारकुनाने पाहिलं आणि नजर खाली घातली. मग हळू म्हणाला, "उद्या साडेबाराच्या आत उरलेले भरा. मी दावा घेतो, पण वर उशीर झाला असं लिहावं लागेल. तो माफ होईल की नाही हे साहेब ठरवणार. माफीला कारण लागतं, आणि कारणाचा कागद लागतो. पैसे कमी पडले हे कारण चालत नाही. पैसे का कमी पडले, त्यात तुमची चूक नाही, असं ज्यांनी कमी केले त्यांच्याकडून लिहून आणा."

"ते लिहून देतील?" बारक्याने विचारलं.

कारकुनाने घड्याळ पाहिलं. त्याने साडेबाराला खिडकी ओढली.

दोघं परत विमानतळावर आली. यंत्रवाल्यांचं काउंटर पहिल्या मजल्यावर, गाड्या भाड्याने देणाऱ्यांच्या मागे. तिथली मुलगी नीटनेटकी, गोड आवाजाची. तिचं बोलणं ताईला आणि ताईचं तिला बारक्या सांगत होता. पावत्या पाहून ती म्हणाली, "व्यवहार बरोबर झालाय."

"बरोबर? शंभराला चौदा?"

"तो आमचा दर आहे. पडद्यावर दाखवतो आम्ही. तुम्हाला नको म्हणायची सोय होती."

"लाल बटण?"

"हो. नाकारा म्हणून."

"लाल दाबलं असतं तर पैसे मिळाले असते?"

"मिळाले असते ना. तुमच्या बँकेच्या भावाने."

मास्तरीण काउंटरवर वाकली. "म्हणजे काम चालू ठेवायचं बटण लाल, आणि खिसा कापायचं हिरवं. मग मला सांग बाळ, मी माझ्या प्रेसवर असे रंग फिरवले आणि कुणाचा हात गेला, तर मला तुरुंगात घालतील की नाही?"

मुलीचा गोड आवाज थोडा आटला. "पण मॅडम, बटण तुम्हीच दाबलंत ना?"

बारक्या हसला. छान नाही हसला. "ताई," तो म्हणाला, "शब्दाला शब्द. मालकाचंच वाक्य."

मास्तरीण ताठ झाली. "मालकाने पट्टी चिकटवली आणि म्हणाला याने दाबलं. तुम्ही रंग चिकटवलात आणि म्हणता मी दाबलं. दाबणारे आम्हीच गं, दुसरं कोण दाबणार? आम्ही आयुष्यभर दाबतच आलोय. ते बटण तिथे ठेवलं कुणी, तेवढं कागदावर लिही."

"मला तो अधिकार नाही. तक्रारीचा फॉर्म देते. उत्तर पंचेचाळीस दिवसांत येतं."

"आम्हाला उद्या साडेबारापर्यंत हवंय."

"पंचेचाळीस कामकाजाचे दिवस," मुलगी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिने मान खाली घातली. "रंग आम्ही ठरवत नाही. मंजुरी वरून येते."

फॉर्मवर कारणांचे तीन चौकोन होते. कार्ड अडकलं. कार्डाचा गुप्त आकडा विसरला. इतर. मास्तरणीने इतरवर खूण केली, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. बारक्या इंग्रजीत एकेक अक्षर सांगत होता, ती लिहीत होती, कारण त्याचा लिहिता हात गेलेला. नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे, वेळ. बाकी सगळा तिचाच मजकूर. मग खालच्या मजल्यावर जाऊन दोघं त्या पिवळ्या यंत्राच्या बाजूला उभी राहिली. जो कोणी कार्ड काढेल त्याला ती सांगत होती, "लाल दाबा. घाबरू नका, लाल दाबा." तिची भाषा कुणाला कळत नव्हती, पण बोट कळत होतं. पहारेकऱ्याने दोनदा हटकलं. ती दोनदा चार पावलं सरकली आणि पुन्हा आली.

तो फॉर्म वर वर चढत आता तुमच्या टेबलावर आला असेल. पालथा करून वाचा. दर किती हे तिने विचारलेलंच नाही, ते पावतीवर आहे. तिचा प्रश्न एवढाच आहे: ज्या बटणाने माणसाचं नुकसान होतं त्याला हिरवा रंग द्यायला तुमच्यापैकी कोण हो म्हणालं? त्याचं नाव काय? खिडकी उद्या साडेबाराला बंद होते. लेखी उत्तर द्या.