एक अक्षरसुद्धा चुकलं नाही

मी बाळासोंच्या माडीवरचा हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी माणसांच्या बिनतारी बोलण्याचा, संच बोलतोय. खरं तर मला तोंड नाही, आणि असतं तरी ते दाखवायची सोय राहिली नव्हती. पण दोन वर्षं पोटात ठेवलेलं आता बाहेर काढतो. ऐकून घ्या.

दिसायला मी काही फार नाही. काळा लोखंडी खोका, पुढं एक मोठं गोल बटण आणि एक निळसर पट्टी. तिच्यावर आकडे उजळतात. माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. पहिले मालक सांगलीचे एक डॉक्टर. रोज सकाळी माझा माईक तोंडाशी धरून ते गावोगावच्या माणसांशी गप्पा मारायचे. गप्पा तरी कसल्या? तुमच्याकडं पाऊस आहे का, माझा आवाज कसा येतोय, तुमची एरियल किती उंच. तोच पाढा. मला मेला कंटाळा यायचा. डॉक्टर थकले तेव्हा त्यांनी मला बाळासोंच्या हवाली केलं.

बाळासो शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी साचे बनवायचे. सुताएवढी चूक झाली तर अख्खा माल भंगारात. त्यामुळं माणूस काटेकोर. निवृत्त झाल्यावर त्यांनी रीतसर परीक्षा देऊन हॅमचं लायसन काढलं. त्यांचं गाव कुरणवाडी, पंचगंगेच्या अगदी काठावर. पूर आला की वीज जाते, मोबाईलचे टॉवर बंद पडतात, रस्ता बुडतो आणि गाव मुकं होतं. हे त्यांनी दोनदा भोगलं होतं. म्हणून त्यांनी मला ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जोडलं, स्लॅबवर एरियल उभी केली आणि एक जुना लॅपटॉप माझ्या शेजारी आणून ठेवला.

तिथून माझा भाव वधारला. लॅपटॉपवर निरोप टाइप करायचा. लॅपटॉप त्या अक्षरांचे सूर करतो, मी ते हवेत सोडतो, आणि पलीकडचा लॅपटॉप सूर ऐकून पुन्हा अक्षरं मांडतो. वाऱ्यापावसात बोललेलं कळेनासं झालं तरी अक्षर पोचतं. नाव, वय, औषध, सगळं जसंच्या तसं. पलीकडं इचलकरंजीत इलाही असायचा, यंत्रमाग दुरुस्त करण्यात केस पिकलेला मिस्त्री. त्यानं आणि बाळासोंनी लायसनची परीक्षा एकाच बाकावर दिली होती. कुरणवाडी मुकी झाली तर इथला निरोप इलाहीनं घ्यायचा आणि फोन करून बोटवाल्यांना कळवायचं, असं ठरलं होतं. दर रविवारी सकाळी दहाला दोघांचा सराव चाले. निरोप पोचला की इलाहीचं उत्तर यायचं, "पूर्ण मिळाला. चूक शून्य." ते वाचून बाळासो मिशीतल्या मिशीत हसायचे. मीही फुगायचो.

माझ्या अंगाला माईक बसायची जी जागा, तिथंच लॅपटॉपची वायर बसते. एका वेळी एकच. बाळासोंनी माईक काढला आणि बायकोच्या, शालूबाईंच्या, शिवणाच्या डब्यात टाकून दिला. मी म्हटलं, बरं झालं, ब्याद गेली. माणसाचा आवाज म्हणजे खोकला, अडखळणं, रडणं. आमच्या अक्षराला तसलं काही लागत नाही. अशी माझी घमेंड होती.

सुरुवातीला मात्र एक गंमत झाली. गल्लीतला ज्ञानू रोज सकाळी दुधाचा रतीब घालायला यायचा. दोन म्हशी, स्वतः धार काढायचा, आणि हात असा की म्हैस त्याच्याशिवाय दुसऱ्याला पान्हा सोडत नसे. एका रविवारी तो चहाला टेकला होता. लॅपटॉपवर इलाहीचा सरावाचा निरोप उमटला, "पाणी झपाट्याने वाढतंय. जनावरं हलवा." ज्ञानूनं तो वाचला, कप तसाच टाकला आणि कुणाला न विचारता दोन्ही म्हशी सोडून थेट हायवेवर नेल्या. मे महिना, नदीत गुडघाभर पाणी, डोक्यावर हे ऊन! गावानं महिनाभर त्याची टिंगल केली. कुणी भेटलं की विचारायचं, पूर ओसरला का? ज्ञानू बाळासोंच्या दारात येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा भांडला.

बाळासोंनी कानाला खडा लावला. लॅपटॉपच्या एका बटणाखाली त्यांनी निरोपाची सुरुवात कायमची लिहून ठेवली. बटण दाबलं की आधी आपोआप उमटणार, "सराव, सराव, सराव. कुरणवाडीहून बाळासो." पुढचं हातानं लिहायचं. कुणी घाबरायला नको, कुणाची थट्टा व्हायला नको. मग दोघांना चेव चढला. एका रविवारी अडलेली बाळंतीण, दुसऱ्या रविवारी छातीत कळ आलेला म्हातारा. कागदावरची माणसं मरणाच्या दारात उभी करायची आणि कागदावरच वाचवायची. शंभरावर निरोप मी तसे पोचवले.

दोन वर्षांमागच्या ऑगस्टात पाणी चढलं. शनिवारी संध्याकाळी बाळासोंनी इलाहीला कळवलं, पाणी अजून शेतातच आहे, उद्याचा सराव नेहमीसारखा. रविवारी उजाडता उजाडता धरणाचं पाणी आलं आणि दोन तासांत गल्ली बुडाली. वीज गेली, फोन गेले. साडेनऊच्या सुमाराला ज्ञानू गोठ्यात छातीभर पाण्यात म्हशींची दावी सोडत होता. गव्हाणीवर घोणस चढून बसली होती. तिनं त्याच्या उजव्या हाताला दंश केला. म्हशी सुटल्या. ज्ञानूला चौघांनी उचलून आमच्या माडीवर पुढच्या खोलीत आणलं. त्याची बायको धोंडुबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

बाळासो मागच्या खोलीत माझ्यापुढं येऊन बसले. दहाला पाच कमी. बटण दाबलं आणि लिहायला लागले. पुरुष, वय चव्वेचाळीस, घोणस उजव्या हाताला चावली, रस्ता बंद, बोट हवी, ताबडतोब. तीन अक्षरं चुकली, ती त्यांनी मागं जाऊन दुरुस्त केली. पण वर आपोआप उमटलेलं "सराव" त्यांच्या डोळ्यांना दिसलंच नाही. वर्षानुवर्षं भिंतीवर असलेला खिळा कुठं दिसतो आपल्याला?

मी निरोप नुसता वाहतो, वाचत नाही, असं सांगून मला सुटता आलं असतं. पण आता खोटं कशाला बोलू? प्रत्येक अक्षर माझ्या पोटातून जातं. मला कळलं होतं. आणि त्या घटकेला मी कशात रमलो होतो, सांगू? एवढ्या धुवांधार पावसात निरोप किती स्वच्छ गेला, यात. अजून आठवलं की आतल्या तारा तापतात.

उत्तर आलं, "पूर्ण मिळाला. चूक शून्य." बाळासोंनी सुटकेचा श्वास सोडला. बॅटरी पुरावी म्हणून लॅपटॉपची स्क्रीन मंद केली आणि ते पुढच्या खोलीत गेले. बोट निघाली म्हणून सगळ्यांना सांगितलं. माझा स्पीकर बंदच होता. सुरांची टुंईटुंई शालूबाईंना सहन होत नसे.

ते गेल्यावर मिनिटभरात इलाहीची आणखी एक ओळ आली. "आज साप काढलास व्हय? झकास. मी जरा आमच्याकडचं पाणी बघून येतो."

ती ओळ मंद स्क्रीनवर तशीच पडून राहिली. वाचायला कुणी नव्हतं. दार उघडं होतं, पलीकडून ज्ञानूचं कण्हणं ऐकू येत होतं. दर थोड्या वेळानं तो विचारायचा, आली का बोट? आणि बाळासो म्हणायचे, येतीया, येतीया. हात कोपरापर्यंत सुजून टम्म झाला होता. माझ्या आत हाक होती आणि मारता येत नव्हती. माझा माईक शिवणाच्या डब्यात होता, आणि तो गेला म्हणून मीच खूश झालो होतो.

साडेबारा वाजता शालूबाई अंग पुसायला कोरडं धडपं शोधत मागं आल्या. जाता जाता त्यांची नजर स्क्रीनवर गेली. त्यांनी ओळ वाचली, वर सरकून निरोप वाचला, बाळासोंना हाक मारून आत घेतलं आणि दार लावलं. बाळासोंनी वाचलं. पुन्हा टाइप करायला गेले तर बोटं चालेनात. शालूबाईंनी दोरे, बटणं, कात्री सगळं जमिनीवर ओतलं, माईक उचलून त्यांच्या हातात दिला. बाळासोंनी लॅपटॉपची वायर उपसून माईक लावला आणि स्पीकर चालू केला. मग शालूबाईंनीच माईक हिसकून घेतला. लायसन नाही, काही नाही. पण माणूस मरायला टेकल्यावर ते विचारत नाहीत.

तीन हाका दिल्यावर इलाहीनं ओ दिली.

"भावजी, सराव न्हाय ह्यो. आमचा ज्ञानू हितं काळानिळा पडलाय ओ."

त्या आवाजात सगळं होतं, खोकला, अडखळणं, रडणं. पलीकडं इलाही नुसता "या अल्ला" म्हणाला आणि काहीतरी पडल्याचा आवाज आला. पाऊण तासात बोट दारात होती.

ज्ञानू वाचला. उजवा हात मनगटाच्या वरून काढावा लागला. दोन-तीन तास आधी आणला असता तर बहुतेक हात राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. हे बाळासोंनी ऐकलं आणि घरी येऊन फक्त शालूबाईंना सांगितलं, माझ्यासमोर.

पूर ओसरल्यावर गावच्या तालीम मंडळानं सत्कार ठेवला. बाळासोंना शाल, फेटा, नारळ. मलाही टेबलावर मांडून झेंडूचा हार घातला. सरपंच बोलले की हा खोका नसता तर ज्ञानू गेला असता. टाळ्या पडल्या. बाळासो उठून सांगतील असं मला वाटलं. ते उठले, हात जोडले आणि खाली बसले. त्यापुढं दर दसऱ्याला ज्ञानू आमच्याकडं यायचा. डाव्या हातानं मला हळद-कुंकू लावायचा, सोनं म्हणून आपट्याचं पान ठेवायचा आणि डोकं टेकवायचा. घरोघरी यंत्राची पूजा होते, त्यात वावगं काही नाही. पण तो वाकायचा तेव्हा बाळासो खिडकीबाहेर बघायचे. आणि मला तर बाहेर बघायलाही तोंड फिरवता येत नाही. आता त्याच्या म्हशींची धार धोंडुबाई काढते. ज्ञानू नुसती किटली पोचवतो.

यंदा दसऱ्याच्या आधीच्या रविवारी तो किटली ठेवून वर आला. म्हणाला, मलाबी हे शिकायचं हाय, एका हातानं टाइप करता येतं की. बाळासो खुलले. मग ज्ञानू म्हणाला, "आण्णा, आधी माजा निरोप दावा. ज्यानं माजा जीव वाचला, त्यो."

निरोप पुसून टाकणं सोपं होतं, दोन वर्षांत कधीही टाकता आला असता. त्यांनी तो पुसला नव्हता. त्यांनी लॅपटॉप ज्ञानूकडं वळवला.

ज्ञानूनं डाव्या हाताचं बोट ओळीखाली धरून वाचलं. सराव, सराव, सराव. मग आपलं वय, घोणस, हात. मग इलाहीची ओळ. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"त्यो शब्द माज्यामुळंच घातलासा न्हवं?" तो म्हणाला. "म्हशी पळवल्या तवा."

बाळासोंनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चूक माझी हाय, ज्ञानू, असं काहीतरी ते पुटपुटले.

"चूक व्हती, आण्णा. माणसाकडनं हुतीया," ज्ञानू म्हणाला. "पर दोन वर्सं माज्याकडनं ह्याची पूजा करून घेतलासा."

आणि तो किटली न घेता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही. तिसऱ्या दिवशी धोंडुबाई आल्या, कुणाकडं न बघता माप घालून गेल्या. बाळासो जेवायला बसायचे आणि तसेच उठायचे. एका सकाळी त्यांनी त्या बटणाखालचं सगळं पुसून टाकलं. मग शिरोलीच्या जुन्या कारागिरीला साजेल अशी एक छोटी पेटी बनवून माझ्या बाजूला बसवली. आता वायर आणि माईक दोन्ही एकदमच जोडलेले राहतात. त्याच संध्याकाळी ते तालमीत गेले आणि जे सत्काराला सांगायचं होतं ते सांगून आले. इलाहीही त्यांच्याबरोबर उभा होता.

दसऱ्याला ज्ञानू आला. मी घाबरलो होतो, खोटं नाही सांगत. त्याच्या हातात हळद-कुंकवाचं ताट नव्हतं. एक ओलं फडकं होतं. त्यानं माझ्या कपाळावरचं दोन वर्षांचं वाळलेलं कुंकू घासून घासून काढलं. बटणाच्या खाचेतलं निघेना, ते काडीनं कोरलं. मग शालूबाईंना म्हणाला, "वैनी, च्या टाका." आणि स्टूल ओढून माझ्यापुढं बसला.

आता रविवारी बाळासोंच्या देखरेखीखाली निरोप तोच लिहितो, डाव्या हाताच्या एका बोटानं, सावकाश. सराव असेल तर "सराव" हा शब्द दर वेळी नव्यानं, एकेक अक्षर जुळवून लिहितो. निरोप गेला की माईक उचलून तोंडानंही सांगतो. इलाही पलीकडून म्हणतो, पूर्ण मिळाला. चूक शून्य म्हणायचं त्यानं सोडून दिलंय.

तुमच्या गावातही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला हार घालू नका, डोकं टेकवू नका. त्याच्या बटणाखाली काय लिहून ठेवलंय ते वाचत जा, आणि त्याचा माईक शिवणाच्या डब्यात टाकू नका. माझं एक अक्षरसुद्धा चुकलं नव्हतं. त्यात ज्ञानूचा हात गेला.