हवालदारांनी पास केलेले पिक्चर

शेवटी कोंडीबा हवालदार निर्दोष सुटले आणि अख्ख्या गावानं मान खाली घातली. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. त्या वेळी आम्हालाही ते माहीत नव्हतं, आणि हाताशी आलेला संशय पहिल्याच ओळीत वाया घालवणं आमच्या गावाला परवडण्यासारखं नव्हतं.

तर सिद्धूच्या सलूनच्या दारात रंगुबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. आत खुर्चीत लालासाहेब होते आणि त्यांच्या अर्ध्या तोंडाला साबण होता.

"आवं लालासाहेब, ह्या पिक्चरमदी सासू कुटं हाय?"

"कुणाची सासू?"

"हवालदारतात्या म्हणलं, जावा, बायकांनी बघण्याजोगा हाय, सासूचं काम लय झ्याक केलंय. ट्रॉली भरून बाया साताऱ्याला गेलो. सासूची वाट बघितली. इंटरव्हल झाला. म्हटलं आता यील, मग यील. शेवटाला हिरो मेला, पोलीस आलं, दिवं लागलं. त्याचं लगीनच झालं न्हाई तर सासू यील कुठनं?"

सिद्धूचा वस्तरा हवेतच राहिला. गावात असा पुरावा रोज हाती लागत नाही.

या 'पास' प्रकरणाला इतिहास होता. आमचं गाव रहिमतपूरपासून आत. लालासाहेबांचा ऊस मोठा आणि ट्रॅक्टर गावात एकच. गेल्या वर्षी पोस्टरवर देऊळ दिसलं म्हणून देवाधर्माचा पिक्चर समजून त्यांनी ट्रॉलीभर बायका साताऱ्याला पोचवल्या. देऊळ पोस्टरवरच होतं. आत हिरॉईन धबधब्याखाली आंघोळ करत होती, आणि ते गाणं काही केल्या संपेना. म्हाताऱ्या तोंडावर पदर घेऊन बसल्या, पण फटीतून बघत राहिल्या. मग मारुतीच्या देवळात बैठक झाली आणि ठरलं, की यापुढं एका जबाबदार माणसानं पिक्चर आधी बघायचा. त्यानं पास केला तरच ट्रॉली निघणार.

माणूस निर्व्यसनी हवा होता, वयस्कर हवा होता आणि पिक्चर बघून खूश होणारा नको होता. कोंडीबा हवालदार तिन्हींत बसले. पलटणीतून पेन्शनीत आलेले. त्यांचा एकुलता अर्जुनाही पलटणीतच होता. बंगालच्या लढाईत तो गेला, तार आली, मागून त्याची काळी ट्रंक आली. तेव्हापासून हवालदारांना कुणी हसताना बघितलं नव्हतं. त्यामुळे विनोदी पिक्चरचाही निकाल निःपक्षपाती लागेल, असं बैठकीचं मत पडलं.

आणि तसा तो लागत होता. हवालदार मारुतीच्या पारावर सावधानमध्ये उभे राहून सांगायचे, "पिक्चर ठीक. मारामारी बेताची. एक उघडी तंगडी हाय, पर लांबनं. रडाय भरपूर. बाया जातील." निकालावर अपील नव्हतं.

आता मात्र सिद्धूनं वस्तरा खाली ठेवून सांगितलं, "मला येष्टीचा कंडक्टर म्हणला, तात्यांनी नापास केलेला त्यो डाकूचा पिक्चर, त्यो तात्या पुन्यांदा बघून आलं. मग आनी पुन्यांदा."

"नापास केलेला कशापायी बघत्यात?" रंगुबाई म्हणाली.

"मला इचारशील तर," लालासाहेब म्हणाले, "ह्यो माणूस थेटरातच जात न्हाई. कुणी बघितलाय त्याला आत? तू बघितलास? म्या न्हाई."

खरंच, कुणी बघितलं नव्हतं. आमची माणसं पिक्चरला जायची, पण आधी लागणारा सरकारी पिक्चर कधी बघायची नाहीत. धरणं, मंत्री, सुधारित बियाणं. तो दाखवण्याची सक्ती थेटरवर होती, आमच्यावर नव्हती. तो संपेपर्यंत आम्ही बाहेर बिड्या ओढायचो आणि खऱ्या पिक्चरची घंटा झाली की अंधारात घुसायचो.

"बाई हाय," लालासाहेबांनी निकाल दिला. "साताऱ्यात बाई ठेवलीया."

"असंल," रंगुबाई म्हणाली. "पर त्यापायी आमचा पिक्चर बंद करायचा न्हाई."

"हवालदार खोटा निघाला तर ट्रॉली बंद. मग कुणाच्या भरवशावर बाया धाडायच्या?"

लालासाहेबांना डिझेल वाचवायचंच होतं. रंगुबाईला ते माहीत होतं. ती म्हणाली, "आधी पुरावा आणा. मग काय ती ट्रॉली बंद करा."

असे लालासाहेब आणि मी कामगिरीवर निघालो. मला निवडलं, कारण मी नसल्यानं गावात कशाचंच काही अडत नसे.

पहिली खेप साताऱ्याची. हवालदार एस. टी.त, आम्ही मागं फटफटीवर. ओळखू येऊ नये म्हणून लालासाहेबांनी काळा चष्मा लावला होता. एस. टी. प्रत्येक फाट्यावर थांबायची, आम्हीही थांबायचो, आणि प्रत्येक फाट्यावर कुणीतरी म्हणायचं, "रामराम लालासाहेब, चष्मा झ्याक हाय." हवालदार थेटरात शिरले. आम्ही रीतीप्रमाणे बाहेर बिड्या ओढल्या, घंटा झाल्यावर आत गेलो. हवालदार नव्हते. लालासाहेबांनी काडी पेटवून एकेक चेहरा तपासला. चौथ्या चेहऱ्यानं आरडाओरडा केला आणि डोअरकीपरनं आम्हाला बाहेर काढलं.

"मागल्या दारानं गेला," लालासाहेब म्हणाले. "बाई थेटरच्या मागं ऱ्हाती."

पुढं हवालदार कराडला जायला लागले आणि नंतर थेट सांगलीला. रंगुबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "बाई बिऱ्हाड लय बदलतीया."

दुसऱ्या खेपेला आम्ही रेल्वेनं सांगली गाठली. लालासाहेबांनी घरी सांगितलं होतं, की साखर कारखान्यावर मीटिंग आहे. थेटरसमोरच्या चहाच्या गाड्यावर त्यांचा मेहुणा उभा. लालासाहेबांनी मला धरलं आणि मेहुण्याला चुकवायला सरळ आत घुसले. सरकारी पिक्चर सुरू होण्याआधी आम्ही खुर्चीत बसलो, हे आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

हवालदार पुढच्या रांगेत होते. एकटे. दोन्ही बाजूला खुर्च्या रिकाम्या.

"बाई यायची हाय," लालासाहेब कुजबुजले.

पडद्यावर धरण झालं. मंत्री झाले. बियाणं झालं. मग लढाईतले जवान आले. नदीकाठी रांगेनं उभे राहून चहा घेत होते. त्यातला एक पाठमोरा, उघड्या डोक्याचा, एक खांदा जरा उतरता. त्यानं हात पॅन्टला पुसला, पत्र्याचा मग पुढं केला, मगात चहा पडला, आणि पडद्यावर दुसरंच काहीतरी आलं.

हवालदार उभे राहिले होते.

"ओ फेटेवाले, खाली बसा की!" मागून कुणीतरी ओरडलं.

हवालदारांनी फेटा काढून काखेत मारला. बसले नाहीत.

खऱ्या पिक्चरची घंटा झाली. बिड्या विझवून बाहेरची माणसं आत येऊ लागली, आणि त्या गर्दीतून उलटे हवालदार बाहेर निघाले. आम्ही मागोमाग. मागचं दार वगैरे काही नव्हतं. ते पुढच्याच दारानं गेले, फोटो लावलेल्या काचेच्या पेटीपुढं उभे राहिले आणि शेंगदाणेवाल्याला विचारू लागले.

"काय रं, ह्यात सासू हाय का?"

"हाय की. लय खाष्ट."

"नाच?"

"हाय, पर अंगभर कापडं हायत."

हवालदारांनी मान डोलावली. पिक्चर पास झाला.

"हवालदार!" लालासाहेब गरजले. "पिक्चर आत चाललाय आन् तुमी भायेर? आन् ह्या शेंगदाण्यावाल्याच्या जिवावर आमच्या बाया ट्रॉलीत?"

हवालदार दचकले नाहीत. त्यांनी पायरीवर बोट दाखवलं. "बसा." आम्ही बसलो. पलटणीतल्या माणसाच्या आवाजात तेवढी बसवायची ताकद असते.

"सरकारी पिक्चर बघितलासा?"

"बघितला," लालासाहेबांनी चोरी कबूल करावी तसं सांगितलं.

"त्यो चा घेणारा. त्यो अर्जुना हाय."

लालासाहेबांनी चष्मा काढला.

"म्हंजे मला वाटतं," हवालदार म्हणाले. "साताऱ्यात पैल्यांदा बघितला तवा वाटलं. दुसऱ्यांदा खात्री पटली. तिसऱ्यांदा गेली. म्हटलं, नीट बघू. तवापासनं त्या पिक्चरच्या रिळाची पेटी जिकडं जाती तिकडं जातुया. उद्याचा दिस सांगलीत. मग पेटी मुंबैला परत."

"राहीकाकूंना दाखवलंत?" मी विचारलं.

"कसं दाखवू? ती आई हाय, तिला पाठ बी वळखू यील." ते फेट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. "आन् ती न्हाई म्हणली, तर? मग म्या कुटं जायचं बघाया?"

शेंगदाणेवालाही पुड्या बांधायचा थांबला.

"म्हनून म्हंतो, लालासाहेब, तुमी गावानं आधी बघा. उद्या तीनच्या खेळाला. पास केलासा, तर सहाला तिला बसवतो. न्हाईतर ऱ्हायलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. लालासाहेबांनी सगळ्यांना ट्रॅक्टरनं स्टेशनवर सोडलं आणि डिझेलचा शब्दही काढला नाही. राहीकाकूंना सांगितलं होतं, सांगलीच्या गणपतीला जायचंय. त्या नवं लुगडं नेसून आल्या होत्या. आम्ही त्यांना देवळात बसवलं. रंगुबाई म्हणाली, "वैनी, आमी जरा पिक्चर बघून येतो. तुमी जप करा."

"कसला पिक्चर?"

"बघितल्याबिगर कसं सांगू?"

थेटरवाल्यानं आमच्याकडं संशयानं बघितलं. सरकारी पिक्चरला वेळेवर येणारं गाव त्यानं आजवर बघितलं नव्हतं. त्याला वाटलं, आम्ही खात्यातून तपासणीला आलोय. त्यानं पंखे लावले.

धरण. मंत्री. बियाणं. मग नदीकाठ. पाठमोरा जवान पॅन्टला हात पुसायला लागला, आणि हवालदार उभे राहून परेडच्या आवाजात ओरडले,

"जवान! पीछे मूड!"

बाल्कनीखाली बसलेले दोन पेन्शनर ताडकन उठले आणि मागं वळून उभे राहिले. डोअरकीपर वळला. लालासाहेबही अर्धे वळले. पडद्यावरचा तेवढा वळला नाही. त्यानं आपला मग पुढं केला, चहा घेतला आणि गेला.

बाहेर आल्यावर नेहमी होते तशी पिक्चरवर चर्चा सुरू झाली.

"पास," लालासाहेब घाईनं म्हणाले. "खांदा अर्जुनाचाच. पोती वाहून उतरलेला."

"चा घ्यायची घाई बी त्याचीच," रंगुबाई म्हणाली. "माज्याकडं यायचा तवा आधन यायच्या आत कप पुढं करायचा. माजं बी पास."

हवालदारांचं लक्ष तिकडं नव्हतं. ते सिद्धूकडं बघत होते.

"सिद्धू, त्याचं जावळ तुज्या बानं काढलं. पुढचं डोकं सगळं तुज्या हाताखालचं. टोपी न्हवती त्याला. भवरा बघितलास?"

सिद्धूनं आजवर प्रत्येक पिक्चरवर मत दिलं होतं, न बघितलेल्यावर तर हमखास. आता तो स्वतःची नखं बघत राहिला.

"काय झालं, तात्या," तो म्हणाला, "मिल्ट्रीचा न्हावी लय वंगाळ. मशीन फिरवून सगळं साफ केलंय. भवरा ऱ्हायलाच न्हाई. मला न्हाई सांगता यायचं."

मागच्या रांगेतून मला तो भोवरा स्वच्छ दिसला होता. उजवीकडं फिरत होता. अर्जुनाचा कुठल्या बाजूला फिरायचा ते सिद्धूशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मी त्याला विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

"म्हंजे पास न्हाई," हवालदार म्हणाले.

"नापास बी न्हाई, तात्या!"

हवालदारांनी थोडा वेळ त्या दोन शब्दांच्या मधली जागा बघितली. मग चालायला लागले.

देवळात राहीकाकूंनी सगळ्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. "बघितलासा? कसा हुता?"

"सरकारी हुता," हवालदार म्हणाले. "बायकांनी बघण्यासारखा न्हाई."

"आन् फेटा का काढलाय तुमी?"

हवालदार फेटा बांधायला लागले. सहाच्या खेळाची वेळ झाली तेव्हा आम्ही स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो. लालासाहेब मध्येच म्हणाले, की पुढच्या महिन्यात ट्रॉली काढू, हवालदार म्हणतील त्या पिक्चरला.

सकाळी हवालदारांनी मला घरी बोलावलं आणि सावधानमध्ये उभे राहून अर्ज सांगितला. पत्ता 'सरकार, मुंबई' एवढाच. भाषा त्यांची, शुद्धलेखन माझं.

"मेहेरबान साहेबांचे सेवेशी. अर्जदार कोंडीबा, माजी हवालदार, याचा सलाम. विनंती अर्ज करण्यात येतो की, आपले खात्याचे पिक्चरमध्ये धरण, मंत्री व बियाणे यांचेनंतर नदीकाठी चहा घेणारा एक पाठमोरा जवान आहे. सदर जवान अर्जदाराचा हुकूम मानीत नाही. अर्जदार सेवानिवृत्त असल्याने त्याबद्दल तक्रार नाही. तरी साहेबांनी आपले अधिकारात सदर जवानास एक वेळ पीछे मूड करण्याचा हुकूम द्यावा, व त्याने तो पाळल्यावर पेटी पुन्हा सांगली मुक्कामी सहाचे खेळास पाठवावी. अर्जदार कुटुंबास घेऊन हजर राहील."