आधी कुणाचे द्यायचे?

डोळे मिटायची गरज नाही, नुसती कल्पना कर. एक लॉन्ड्रीचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे वाफेची मोठी इस्त्री आणि वर तारेवर टांगलेले दुसऱ्यांचे कपडे. एखादा कोट इतका सुंदर असतो की एकदा अंगात घालून बघावासा वाटतो. पण त्या दुकानातल्या कुणी कधी घालून बघितला नाही. दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं. अशी ती माणसं होती.

माणसं तीनच. बाबा, आई आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी. तिचं खरं नाव चांगलं लांबलचक होतं, पण अंगाने एवढीशी आणि बोलायला तिखट, म्हणून सगळे तिला मिरी म्हणत.

दोन वर्षांपूर्वी दुकानातलं धुण्याचं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून बाबांनी क्रेडिट कार्ड वापरलं. कार्डाचं बिल आलं तेव्हाही पैसे नव्हते, म्हणून दुसरं कार्ड घेतलं. अशी चार झाली. दर महिन्याला बँक कळवायची, सगळे नाही जमले तर निदान एवढे थोडे भरा. बाबा ते थोडे भरत. आता तुला वाटेल, थोडे थोडे करून कधीतरी संपतीलच की. मिरीलाही तसंच वाटायचं. पण असा एक जिना डोळ्यांपुढे आण, की आपण रोज दहा पायऱ्या चढायच्या आणि आपली पाठ वळली की कुणीतरी वरती नऊ नव्या बांधून ठेवायच्या. बाबा दोन वर्षं तो जिना चढत होते. हल्ली ते गिऱ्हाइकाला पावती देतानासुद्धा खाली बसून देत.

त्यात विजेचं बिल दोन महिने थकलं होतं. वीज गेली तर इस्त्री बंद, इस्त्री बंद तर दुकान बंद, हे मिरीलाही कळत होतं. तरी पाच तारखेला बाबा आधी कार्डांचेच पैसे भरत. कारण कार्डवाल्यांचे दिवसाला सहा-सहा फोन येत आणि वीजवाल्यांचा एकही येत नसे.

शेवटी आईनेच एका वकीलबाईंची वेळ घेतली. घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून मिरीलाही नेलं. वकीलबाईंच्या टेबलावर कागदांचे एवढे गठ्ठे होते की मिरीला समोरून त्यांचा फक्त चष्मा दिसत होता.

सगळे कागद बघून झाल्यावर चष्मा म्हणाला, "दिवाळखोरीचा अर्ज करायला हवा. मंगळवारी करू. आणि कार्डांचे पैसे भरणं आजपासून बंद."

"बंद?" बाबा म्हणाले. "पण परवा पाच तारीख आहे, बाई."

"मग परवा भरू नका."

"मी आजवर एकही तारीख चुकवलेली नाही."

"आणि विजेची?"

आई खिडकीकडे बघत म्हणाली, "मी सांगून सांगून दमले हो. आता सांगतही नाही."

वकीलबाईंनी एक गठ्ठा बाजूला सरकवला. आता त्यांचा चेहरा दिसला. तोही दमलेलाच होता.

"हे बघा, कार्डांचं हे देणं कोर्टात बहुतेक माफ होईल. मग परवा भरलेले पैसे विहिरीत टाकल्यासारखेच. भाडं भरा, वीज भरा, किराणा आणा, मुलीची फी द्या. जगायला लागतं ते चुकवू नका. आणि ती चारही कार्डं आता वापरायची नाहीत, एक साबण घ्यायलासुद्धा नाही. फेडणार नाही हे माहीत असताना उधार घेणं म्हणजे फसवणूक."

"फोन येतील त्यांचे."

"माझा नंबर द्या. शिव्या खायचे मला पैसे मिळतात."

आई हसली. किती दिवसांनी हसली ते मिरीला आठवेना.

पण बाबांच्या मनात वेगळंच होतं. ते खाली मान घालून म्हणाले, "आणि ताईचे?"

ताई म्हणजे बाबांची मोठी बहीण, मिरीची आत्या. ती इस्पितळात आया होती. यंत्र बंद पडलं तेव्हा कवळी बसवायला जमवलेले सगळे पैसे तिने बाबांच्या हातात ठेवले होते, आणि तेही पुरले नव्हते. तेव्हापासून ती एका बाजूने चावायची आणि हसताना तोंडावर हात धरायची.

"तिचं नाव यादीत लिहायचं," वकीलबाई म्हणाल्या. "तिलाही आता काही द्यायचं नाही."

"ती बँक नाही हो!"

"मला कळतंय. पण तुम्ही ज्यांचे पैसे देणं लागता ते सगळे एका रांगेत. बहिणीला पुढे घुसवलंत, तर कोर्टाचा माणूस उद्या तिच्या दारात जाऊन तेच पैसे परत मागेल. तुमचं चांगुलपण तिच्याच अंगावर येईल. सगळं उरकल्यावर आपल्या कमाईतून तिला द्या, तेव्हा कुणी अडवत नाही. आत्ता नाही."

बाबांनी मान डोलावली. पण मिरी त्यांच्या शेजारीच बसली होती. गिऱ्हाईक नको तिथे घडी घालायला सांगतं, तेव्हा बाबा तशीच मान डोलावतात आणि मग आपल्याला हवी तशीच घडी घालतात, हे तिला ठाऊक होतं.

पाच तारीख शनिवारी आली. आई धुतलेले कपडे पोचवायला गेली होती. कार्डांसाठी बाजूला ठेवलेले पैसे बाबांनी गल्ल्यातून काढले, एका पाकिटात भरले आणि मिरीला हाक मारली.

"हे आत्याला नेऊन दे. तिचे अर्धे आहेत."

"हे आता विजेला भरायचे ना, बाबा?"

"विजेचं मी बघतो."

"पण वकीलबाई म्हणाल्या..."

"मिरे, मोठ्यांच्यात बोलायचं नाही. तिथेही काही सांगायचं नाही." एवढं बोलून बाबा स्टुलावर बसले. मग त्यांचा आवाज उतरला. "दोन वर्षं मी बँकेच्या मढ्यावर पैसे घातले गं. आणि माझ्या बहिणीला एक पैसा नाही. कोर्टात उभं राहायच्या आधी एक तरी काम माणसासारखं करू दे मला."

"कोर्टात विचारलं तर?"

"नाही दिले म्हणेन."

बाबा खोटं बोलणार. शर्टाच्या खिशात विसरलेली नोटसुद्धा पावतीला टाचून परत देणारे बाबा. मिरीने पाकीट दप्तरात टाकलं आणि ती निघाली.

आत्याचं घर दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर होतं. जाताना मिरीने मनातल्या मनात बरंच भांडण केलं. बाबांचं ऐकलं तर आत्या अडकते. नाही ऐकलं तर बाबांचं मन मोडतं. पैसे पायरीवर ठेवून पळून जावं, असंही एकदा मनात आलं. तुझ्याही आलं असतं. पण पाकीट पोचलं की ते कुणी आणलं याने काय फरक पडणार होता?

आत्या नुकतीच कामावरून आली होती. गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती.

"आलीस तिखटे? दार लोटून घे. काय आणलंस? बापाने परत न धुतलेले परकर पाठवले की काय?"

मिरीने पाकीट दिलं. आत्याने उघडलं आणि तिचा चेहराच बदलला.

"हे... माझे?"

"अर्धे आहेत."

"अर्धे तर अर्धे!" आत्याने तोंडावर हात धरला. ती हसत होती. "मी आशाच सोडली होती बाई. कुणाला बोलले नाही, पण सोडली होती."

आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. बाबांनीच तसं सांगितलं होतं. आत्या नोटा मोजायला लागली, तशी मिरी पुढे झाली.

"आत्या, घेऊ नकोस ते."

"काय?"

मग मिरीने सगळं सांगितलं. मंगळवार, यादी, रांग, कोर्टाचा माणूस. मागचं पुढे झालं, पुढचं मागे झालं, पण काही सोडलं नाही. आत्याचे पाय बादलीत तसेच राहिले.

"म्हणजे सख्ख्या भावाकडे माझे पैसे मागायला मी बँकेच्या मागे उभी राहू?"

"मागे नाही. शेजारी."

"शेजारी! वा! बँकेची आणि माझी फारच ओळख वाढली."

"आणि बाबा कोर्टात खोटं बोलणार आहेत. आणि आमची वीज जाणार आहे."

आत्याने नोटा सारख्या केल्या, पाकिटात घातल्या, पण पाकीट लगेच पुढे केलं नाही. थोडा वेळ मांडीवरच ठेवलं.

"दोन मिनिटं तरी हातात राहिले," ती म्हणाली. "तुझा बाप आहे ना, लहानपणापासून असाच गाढव. स्वतःच्या ताटातलं मला वाढायचा आणि मग आईचा मार आम्ही दोघं खायचो." तिने पाकीट मिरीला दिलं. "ने परत. यादीत नाव घाल म्हणावं माझं. नीट घाल. वर्षभराने मी दार वाजवायला येणार आहे."

मिरी जागची हलली नाही. "तू पण चल."

"अगं, बारा तास उभी होते मी."

"मला एकटीला नाही जमणार."

आत्याने बादलीतल्या आपल्या पायांकडे बघितलं, मग मिरीकडे. सुस्कारा सोडून तिने टॉवेल ओढला.

जिना उतरायला त्यांना बराच वेळ लागला.

दुकानात आई परतली होती. ती हँगर लावत होती. बाबांनी आधी मिरीला बघितलं, तिच्यामागे बहिणीला, आणि ते उठून उभे राहिले.

"ताई, तू?"

आत्या बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात मिरीने तिचा हात दाबला आणि सोडला. ती एकटीच पुढे गेली. टाचा उंच करून तिने पाकीट काउंटरवर ठेवलं.

"बाबा, मी आत्याला सगळं सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात, तरी सांगितलं."

आणि बाबा काय म्हणतात ते ऐकायला ती तिथेच उभी राहिली.